एफटीपी सर्व्हर क्लायंटचं नाव शेवटपर्यंत वाचतो का? शून्य बाइटची त्रुटी आणि पडताळणीची पडताळणी

एफटीपी (फाइली पाठवण्याची पद्धत) सर्व्हरवर टीएलएस (जोडणी कूटबद्ध करणारी व्यवस्था) चालू केलं, क्लायंटकडून, म्हणजे जोडणी करणाऱ्या मशीनकडून, ओळखीचं डिजिटल प्रमाणपत्र मागितलं आणि ठरलेल्या नावाच्याच मशीनला आत घ्यायचं असा पर्याय लिहिला, की काम झालं असं वाटतं. जोडणी होते, फाइली जातात, लॉगमध्ये तक्रार नसते. पण त्यातून एवढंच कळतं की ज्याला आत यायचं होतं तो आला. ज्याला अडवायचं होतं तो अडला का, हे बहुतेक ठिकाणी कुणी पाहिलेलंच नसतं. हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. उदाहरण प्रोएफटीपीडी या एफटीपी सर्व्हर-प्रोग्रॅमचं घेतलं आहे, कारण नाव-पडताळणी नेमकी कुठे फसते हे त्यातल्या एका जुन्या त्रुटीइतकं स्वच्छ क्वचितच दिसतं.

एक सूचना आधीच. कमांड आणि कॉन्फिगमधल्या पर्यायांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती रोमन लिपीत लिहायची.

त्रुटी काय होती

प्रोएफटीपीडीमध्ये टीएलएसचं काम मॉड-टीएलएस हे मॉड्यूल करतं. त्याच्या 'टीएलएसऑप्शन्स' या निर्देशात 'डीएनएसनेमरिक्वायर्ड' हा पर्याय दिला, तर हस्तांदोलन (टीएलएस जोडणीची सुरुवातीची देवाणघेवाण) झाल्यावर सर्व्हर क्लायंटच्या प्रमाणपत्रातल्या सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम या भागातलं डीएनएस नाव काढतो आणि क्लायंटच्या आयपी पत्त्याचं रिव्हर्स डीएनएसमधून (म्हणजे पत्त्यावरून उलटं शोधून) मिळालेलं नाव त्याच्याशी ताडून पाहतो. जुळलं नाही तर सत्र बंद.

२००९ साली नोंदवलेली सीव्हीई-२००९-३६३९ (सीव्हीई म्हणजे सुरक्षा-त्रुटींच्या जाहीर यादीतला क्रमांक) ही त्रुटी नेमकी या तुलनेत होती. प्रमाणपत्रातलं नाव एएसएन.१ पद्धतीने साठवलेलं असतं: आधी लांबी, मग तितके बाइट. त्या बाइटांमध्ये शून्य किमतीचा बाइटही बसू शकतो. सी भाषेतली स्ट्रिंग मात्र पहिल्या शून्य बाइटलाच संपते. समजा एखाद्याने 'क्लायंट.टेस्ट', मग एक शून्य बाइट आणि मग '.अदर.टेस्ट' असं सलग नाव प्रमाणपत्रात घातलं. प्रमाणपत्र देणारी संस्था (प्रमाणन-संस्था) शेवटाकडून पाहते, 'अदर.टेस्ट' हे डोमेन मागणाऱ्याचंच आहे, तेव्हा ती सही करते. सर्व्हर सुरुवातीकडून वाचतो, शून्यापाशी थांबतो आणि त्याला 'क्लायंट.टेस्ट' एवढंच दिसतं. एकाच कागदावर दोघांनी दोन वेगळी नावं वाचली.

१.३.२बी च्या आधीच्या आणि १.३.३ मालिकेतल्या १.३.३आरसी२ च्या आधीच्या आवृत्त्यांना ही त्रुटी होती, आणि तीही 'डीएनएसनेमरिक्वायर्ड' चालू असेल तरच. मला यातलं हेच सगळ्यात टोचतं. ज्या प्रशासकाने एक पाऊल पुढे जाऊन जास्तीची काळजी घेतली, त्याचीच काळजी पोकळ निघाली.

ही चूक एकट्या प्रोएफटीपीडीची नव्हती. त्याच वर्षी सुरक्षा-संशोधक मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी ब्लॅक हॅट परिषदेत शून्य बाइटची ही युक्ती मांडली आणि कर्ल, डब्ल्यूगेट, नूटीएलएस, फेचमेल, पोस्टग्रेएसक्यूएल, मोझिलाची एनएसएस अशा अनेक ठिकाणी तिची नोंद झाली. चार वर्षांनी, २०१३ मध्ये, पायथन, पीएचपी आणि रुबी या तिन्ही भाषांच्या टीएलएस कोडमध्ये तोच शून्य बाइट पुन्हा सापडला. म्हणून 'ते जुनं झालं' म्हणून हा विषय मिटत नाही. आवृत्ती नवी असली तरी तुमच्या मांडणीत पडताळणी चालते का, हे वेगळं पाहावंच लागतं.

आधी आवृत्ती, पण आकड्यावर भरवसा नको

'प्रोएफटीपीडी' ला लहान 'व्ही' हा पर्याय दिला की आवृत्ती कळते. मोठा 'व्ही' दिला तर कोणत्या मॉड्यूलांसह बांधणी झाली तेही दिसतं. मॉड-टीएलएस त्या यादीत नसेल तर ते वेगळं चढवलं जात असेल. कॉन्फिगमध्ये 'लोडमॉड्यूल' च्या ओळी शोधा.

लिनक्स वितरणं बरेचदा आवृत्तीचा जुना आकडा तसाच ठेवून दुरुस्ती तेवढी त्या जुन्या आवृत्तीत बसवतात. त्यामुळे आकडा जुना दिसला म्हणून घाबरू नका आणि नवा दिसला म्हणून निर्धास्तही राहू नका. पॅकेजची बदलनोंद उघडा (डेबियन कुळात 'अॅप्ट चेंजलॉग', आरपीएम कुळात 'आरपीएम' ला चौकशीसोबत 'चेंजलॉग' पर्याय) आणि तिच्यात सीव्हीईचा क्रमांक शोधा. स्वतः स्रोतातून बांधलेला सर्व्हर असेल तर ही सोय नसते. तिथे आवृत्तीचा आकडाच प्रमाण.

कॉन्फिगमधल्या चार जागा

पहिली जागा 'टीएलएसव्हेरिफायक्लायंट'. हा पर्याय मुळात बंद असतो. तो 'ऑन' नसेल तर क्लायंटकडून प्रमाणपत्र सक्तीने मागितलं जात नाही आणि नावाची तुलना अधांतरी राहते.

दुसरी जागा 'यूजरिव्हर्सडीएनएस', आणि इथे सर्वाधिक लोक फसतात. तो बंद असेल तर 'डीएनएसनेमरिक्वायर्ड' आपोआप निष्प्रभ होतो. लॉगिनला वेळ लागतो म्हणून रिव्हर्स डीएनएस बंद करा, हा सल्ला एफटीपीच्या जवळजवळ प्रत्येक वेग-वाढवा यादीत असतो. एकाने सुरक्षेसाठी एक ओळ लिहायची, दुसऱ्याने सहा महिन्यांनी वेगासाठी दुसरी ओळ लिहायची, आणि पहिली ओळ फाइलमध्ये जशीच्या तशी दिसत राहायची. मी एका ठिकाणी अगदी हेच पाहिलं आहे. तिथल्या तपासणी-अहवालात 'क्लायंट-नाव पडताळणी: आहे' असं लिहिलेलं होतं आणि पडताळणी एकदाही घडत नव्हती. म्हणून मुळातली किंमत काय आहे यावर विसंबू नका. 'यूजरिव्हर्सडीएनएस ऑन' असं स्पष्ट लिहा आणि शेजारी कारणाची टिप्पणी घाला, म्हणजे पुढचा माणूस ती ओळ सहज काढणार नाही.

तिसरी जागा 'टीएलएससीएसर्टिफिकेटफाइल', म्हणजे कुणाची सही मान्य करायची. नीट विचार करायचा तर इथेच. ऑपरेटिंग सिस्टिमसोबत येणारा जाहीर प्रमाणन-संस्थांचा गठ्ठा इथे जोडला, की त्यातल्या कुठल्याही संस्थेकडून मिळालेलं आणि क्लायंट म्हणून वापरता येणारं प्रमाणपत्र तुमच्या सर्व्हरच्या दृष्टीने सहीच्या परीक्षेत पास. मग सगळा भार नावाच्या तुलनेवर येतो, आणि ती तुलना कशी ढासळते ते वर पाहिलं. इथे फक्त तुमची स्वतःची, केवळ या कामासाठी उभी केलेली प्रमाणन-संस्था ठेवा. २००९ मध्ये ज्यांनी हे केलं होतं त्यांच्याकडे हल्लेखोराला आधी त्या खाजगी संस्थेची सही मिळवावी लागली असती. एकच बदल करायला वेळ असेल तर हा करा.

चौथी जागा 'टीएलएसरिक्वायर्ड'. तो 'ऑन' नसेल तर टीएलएसशिवाय साधी जोडणी करूनही आत येता येतं, आणि मग बाकीच्या तिन्ही ओळींना काही अर्थ उरत नाही.

फाइल बदलल्यावर 'प्रोएफटीपीडी' ला लहान 'टी' पर्याय देऊन व्याकरण तपासा. ही तपासणी फक्त लिखाणातल्या चुका सांगते. एक ओळ दुसरीला मारते आहे, हे ती सांगत नाही.

रिव्हर्स डीएनएसवर किती विसंबायचं

आयपी पत्त्याचं उलट नाव सांगणारी पीटीआर नोंद ज्याच्याकडे तो पत्ता आहे त्याच्या हातात असते. तो तिथे हवं ते नाव लिहू शकतो, तुमच्या विश्वासू भागीदाराचंसुद्धा. म्हणून मिळालेलं नाव पुन्हा सरळ दिशेने शोधून तोच पत्ता परत मिळतो का, हे पाहिल्याशिवाय त्या नावाला किंमत नाही. सर्व्हरच्या मशीनवरून 'डिग' (डीएनएस नोंदी विचारणारी कमांड) ला 'एक्स' पर्यायासह प्रत्येक भागीदाराचा पत्ता द्या, आलेलं नाव पुन्हा 'डिग' ला द्या. दोन्ही दिशा जुळल्या नाहीत तर आधी भागीदाराला त्या नोंदी दुरुस्त करायला सांगा.

माझं मत विचाराल तर 'डीएनएसनेमरिक्वायर्ड' हा स्थिर पत्त्यांच्या थोड्या मशीनसाठीच शोभतो. क्लायंट नॅटमागे (एकाच जाहीर पत्त्यामागे अनेक मशीन) असतील, कंटेनरमधून येत असतील किंवा पत्ते बदलते असतील, तर हा पर्याय प्रामाणिक माणसाला रोज अडवेल आणि कंटाळून कुणीतरी तो काढून टाकेल. अशा ठिकाणी 'टीएलएसयूजरनेम' पाहा. प्रमाणपत्रातलं ठरावीक क्षेत्र, उदाहरणार्थ कॉमन नेम, आणि लॉगिन करताना दिलेलं वापरकर्तानाव जुळतं का, हे त्याने पाहता येतं. त्यात डीएनएसचा संबंधच येत नाही.

आता नकाराची परीक्षा

हे काम चालत्या सर्व्हरवर करू नका. वेगळ्या आभासी मशीनवर तीच आवृत्ती आणि तीच कॉन्फिग उभी करा. परीक्षेपुरती एक प्रमाणन-संस्था ओपनएसएसएल या टीएलएसच्या साधनसंचाने बनवा आणि तिचं प्रमाणपत्र फक्त या मशीनवर ठेवा. सर्व्हरच्या होस्ट्स फाइलमध्ये चाचणी-क्लायंटच्या पत्त्यासमोर 'क्लायंट.टेस्ट' लिहा. '.टेस्ट' हा शेवट चाचणीसाठीच राखीव आहे, त्यामुळे कुणाच्या खऱ्या डोमेनशी गाठ पडणार नाही. 'टीएलएसलॉग' ची फाइल कुणालाही लिहिता येईल अशा डिरेक्टरीत ठेवू नका. प्रोएफटीपीडी ती उघडायला नकार देतो. 'टीएलएसऑप्शन्स' मध्ये 'इनेबलडायग्स' जोडलात तर लॉग बोलका होतो.

मग पाच प्रमाणपत्रं काढा. एक बरोबर नावाचं, जे आत गेलंच पाहिजे. दुसरं त्याच संस्थेच्या सहीचं पण वेगळ्या नावाचं. तिसरं बरोबर नावाचं पण परक्या संस्थेच्या सहीचं. चौथं, ज्यात ऑल्टरनेटिव्ह नेम हा भागच नाही आणि नाव फक्त कॉमन नेममध्ये आहे. पाचवं शून्य बाइटचं.

पाचवं बनवताना थोडी खटपट आहे. ओपनएसएसएलच्या कॉन्फिगमध्ये 'डीएनएस' लिहून पुढे शून्य बाइट टाइप करता येत नाही. पण कुठल्याही एक्स्टेन्शनची किंमत 'डीईआर' असं लिहून थेट षोडशमान बाइटांत देता येते. नावाचे बाइट 'प्रिंटएफ' ने काढून 'एक्सएक्सडी' ला द्या. रोमन अक्षरांत 'क्लायंट.टेस्ट' चे ११ बाइट, मग शून्याचा १, मग '.अदर.टेस्ट' चे ११, असे एकूण २३. षोडशमानात २३ म्हणजे १७. म्हणून नावाच्या आधी येतात ८२ आणि १७ (८२ ही डीएनएस नावाची खूण), आणि त्याच्याही आधी ३० आणि १९, कारण बाहेरच्या वेष्टनात नावाचे २३ आणि त्याच्या खुणेचे २ असे २५ बाइट आहेत. नाव बदललंत तर दोन्ही लांब्या बदला, नाहीतर प्रमाणपत्रच मोडकं निघेल आणि नकार भलत्याच कारणाने मिळेल.

बनलेलं प्रमाणपत्र 'एएसएन१पार्स' ने उघडा. ऑल्टरनेटिव्ह नेमचा भाग षोडशमान ओळीत दिसतो. मधोमध ०० आहे ना, हे डोळ्यांनी पाहा. सुवाच्य छापील रूपावर विसंबू नका. छापणारा कोडही शून्यापाशी थांबला तर तुम्हाला नाव अगदी निर्मळ दिसेल, आणि हल्लेखोराला नेमकं तेच हवं असतं.

जोडणीसाठी ओपनएसएसएलचं 'एस_क्लायंट' वापरा. 'स्टार्टटीएलएस' ला 'एफटीपी' द्या, सोबत प्रमाणपत्र आणि किल्ली, आणि 'क्वाएट' हा पर्याय आठवणीने घाला. तो नसेल तर ओळीच्या सुरुवातीचं मोठं 'आर' किंवा 'क्यू' हे अक्षर एस_क्लायंट स्वतःसाठीच्या आज्ञा समजतो. एफटीपीच्या 'रेटर' आणि 'क्विट' या आज्ञा नेमक्या याच अक्षरांनी सुरू होतात. यात माझा एक पूर्ण संध्याकाळ गेलेला आहे.

निकाल वाचताना एक सापळा टाळा. टीएलएस १.३ मध्ये क्लायंटच्या बाजूचं हस्तांदोलन पूर्ण होतं तेव्हा सर्व्हरने क्लायंटचं प्रमाणपत्र अजून तपासलेलं नसतं. त्यामुळे सुरुवातीला सगळं यशस्वी दिसतं आणि नकाराचा इशारा पुढच्या वाचनाला येतो. शिवाय पडद्यावर दिसणारा 'व्हेरिफाय रिटर्न कोड' हा सर्व्हरच्या प्रमाणपत्राबद्दल असतो, तुमच्या क्लायंटच्या नव्हे. तेव्हा एखादी एफटीपी आज्ञा पाठवून उत्तर येतं का ते पाहा आणि खरा निकाल सर्व्हरच्या टीएलएस-लॉगमधून घ्या. प्रत्येक नकारासमोर त्याचं कारण लिहून ठेवा. दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्याला नावावरून नकार हवा, तिसऱ्याला सहीवरून. चौथं आत गेलं तर बहुतेक 'डीएनएसनेमरिक्वायर्ड' झोपलेला आहे. 'यूजरिव्हर्सडीएनएस' कडे परत जा.

डेटा वाहिनीचं काय

नावाची ही तपासणी फक्त नियंत्रण-वाहिनीवर (जिच्यावरून आज्ञा जातात) होते. फाइली दुसऱ्या वाहिनीवरून जातात, आणि तिथे येणारा तोच आहे हे कशावरून? १.३.३आरसी१ पासून मॉड-टीएलएस डेटा वाहिनीवर नियंत्रण-वाहिनीचंच टीएलएस सत्र पुन्हा वापरायला लावतं. आधी ओळख पटलेल्या माणसाशी दुसरी वाहिनी बांधणारी गाठ तीच. काही क्लायंटना हे जमत नाही, आणि मग 'नोसेशनरीयूजरिक्वायर्ड' जोडा असा सल्ला मिळतो. तो जोडला की गाठ सुटते. आधी क्लायंट बदलता येतो का पाहा. अगदीच नाइलाज असेल तर ती सूट त्या एका भागीदाराच्या वेगळ्या व्हर्च्युअल होस्टपुरतीच ठेवा.

सही करणाऱ्याकडेही बघा

आज जाहीर संस्थांकडून शून्य बाइटचं नाव मिळवणं जवळपास अशक्य आहे. खाजगी प्रमाणन-संस्थेत मात्र सही करणारे आपणच. 'ओपनएसएसएल सीए' मध्ये 'कॉपी_एक्स्टेन्शन्स' नावाची सोय आहे. ती चालू केली तर मागणी-अर्जात आलेलं ऑल्टरनेटिव्ह नेम प्रमाणपत्रात उतरतं. अर्जदाराने काय लिहिलं आहे हे न पाहता सही केली, तर भागीदार स्वतःला कुठलंही नाव देऊ शकतो. त्याला शून्य बाइटचीही गरज नाही. ती सोय बंद ठेवा आणि नावं तुमच्या स्वतःच्या यादीतून घाला. क्लायंटच्या प्रमाणपत्रात तारांकित (अनेक नावांना लागू पडणारं) नाव तर कधीच देऊ नका.

रद्द केलेल्या प्रमाणपत्रांसाठी 'टीएलएससीएरिव्होकेशनफाइल' असते. तीही नकाराच्या परीक्षेत घ्या: सहावं प्रमाणपत्र काढा, रद्द करा, जोडून पाहा. हे उगाच सुचवत नाही. सीव्हीई-२०१९-१९२७० या त्रुटीत १.३.६बी पर्यंतचा कोड रद्द-यादी शोधताना एकदा सब्जेक्ट आणि एकदा इश्युअर पाहण्याऐवजी दोन्हीदा सब्जेक्टच पाहत होता. त्यामुळे काही वैध याद्या विचारातच घेतल्या जात नव्हत्या आणि रद्द झालेला क्लायंट आत येऊ शकत होता.

स्वतः कोड लिहिणाऱ्यांसाठी

तुलना हाताने लिहू नका. ओपनएसएसएलमध्ये १.०.२ पासून, म्हणजे २०१५ पासून, 'एक्स५०९_चेक_होस्ट' आहे, ते वापरा. हाताने लिहिलेला जुना कोड सांभाळायचाच असेल, तर एएसएन.१ ने सांगितलेली लांबी आणि सी भाषेतल्या 'स्टरलेन' ने (शून्यापर्यंत) मोजलेली लांबी सारखी आहे का हे तुलनेच्या आधी पाहा आणि फरक असेल तर तिथेच नकार द्या. प्रोएफटीपीडीमधली दुरुस्ती याच विचाराची आहे. शून्यानंतरचा भाग कापून पुढे जाणं ही दुरुस्ती नव्हे.

सर्व्हरशी बोलणाऱ्या स्क्रिप्टकडेही याच नजरेने पाहा. पायथनच्या 'एफटीपीलिब' मधला 'एफटीपी_टीएलएस' वर्ग कॉन्टेक्स्ट न देता वापरला तर सर्व्हरची ना सही तपासतो, ना नाव. त्याला 'क्रिएट_डीफॉल्ट_कॉन्टेक्स्ट' ने बनवलेला कॉन्टेक्स्ट द्यावा लागतो, आणि डेटा वाहिनी झाकण्यासाठी 'प्रॉट_पी' वेगळं बोलवावं लागतं. लिबकर्ल या लायब्ररीमध्ये सर्व्हरचं नाव तपासायला लावणाऱ्या 'व्हेरिफायहोस्ट' ची योग्य किंमत २ आहे. पूर्वी अनेक पीएचपी प्रोग्रॅममध्ये लोक तिथे 'ट्रू' लिहीत, त्याचा अर्थ १ होई आणि नावाची तुलना होतच नसे. २०१२ च्या ७.२८.१ आवृत्तीत लिबकर्लने ते १ मान्य करणं थांबवलं.

परीक्षा टिकवून ठेवताना

ही सहा प्रमाणपत्रं आणि जोडणीची स्क्रिप्ट जपून ठेवा आणि प्रत्येक अद्ययावतीनंतर, कॉन्फिगमधल्या प्रत्येक बदलानंतर पुन्हा चालवा. ओपनएसएसएल प्रमाणपत्राची मुदत मुळात ३० दिवसांची धरतं. चाचणीच्या प्रमाणपत्रांना ती लांबवून द्या. मुदत संपलेलं प्रमाणपत्र सर्व्हर नाकारणारच, पण मुदतीवरून. नावाची तपासणी मधल्या काळात बंद पडली असली तरी तुमची स्क्रिप्ट 'नकार मिळाला' असं आनंदाने सांगत राहील. म्हणून स्क्रिप्टने नुसता नकार मोजू नये. टीएलएस-लॉगमधली कारणाची ओळ वाचावी, आणि बरोबर नावाचं पहिलं प्रमाणपत्र आत गेलं नाही तर बाकीचे निकाल न दाखवता तिथेच थांबावं.